चार वह्या : बीड जिल्ह्यातील बेकारीचा इतिहास

मराठीत 'बेकार' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. ज्याच्या हाताला काम नाही तो माणूस बेकार, आणि ज्याचा काही उपयोग नाही ती वस्तूही बेकार. माणसाची परिस्थिती आणि त्याची किंमत या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात नांदत असल्यामुळे आपल्याकडे कोणी स्वतःला सहजासहजी बेकार म्हणवून घेत नाही. या शब्दाच्या शेजारीच 'रोजगार' हा दुसरा शब्द बसला आहे. दोन्ही फारसीतून आलेले. 'रोज' म्हणजे दिवस आणि मराठीत 'रोज' म्हणजे दिवसाची मजुरीही. पहिला शब्द कामाविषयी बोलतो, दुसरा दिवसाविषयी. बीड जिल्ह्यातील गेल्या पाऊणशे वर्षांच्या बेकारीचा इतिहास लिहायचा तर हा फरक ध्यानात ठेवावा लागतो, कारण येथे प्रश्न कामाचा जितका आहे तितकाच वर्षातल्या दिवसांचा आहे.

पदवी घेऊन नोकरीची वाट पाहणारा मुलगा या जिल्ह्यात 'बेकार' ठरतो. त्याच घरातील बाप पावसाळ्यात आपल्या चार एकरांत राबतो, भादव्यात उधारीवर दिवस काढतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बायकोला घेऊन पाच महिन्यांसाठी परमुलखातील उसाच्या फडावर जातो. त्याला कोणी बेकार म्हणत नाही. तो 'ऊसतोड मजूर' असतो. वास्तविक गावात काम असते तर तो गेला नसता. त्याची बेकारी त्याच्या कामाच्या नावाखाली झाकली गेली आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, बीडमध्ये जी बेकारी कागदावर आली तिला नाव मिळाले, घोषणा मिळाल्या, साहित्यही मिळाले. जी कागदावर आली नाही ती मात्र आजवर 'स्थलांतर', 'हंगाम', 'ऊसतोड' अशा दुसऱ्याच नावांनी वावरत राहिली.

आम्ही अर्थशास्त्राचे अभ्यासक नव्हे. आम्ही मराठी शिकवतो, आणि संहिता वाचणे हा आमचा व्यवसाय आहे. म्हणून या इतिहासाकडे आम्ही चार वह्यांच्या आधारे पाहणार आहोत : रोजगार हमीचा हजेरीपट, सेवायोजन कार्यालयाची नोंदवही, मुकादमाची वही आणि जनगणनेची यादी. कोणत्या वहीत कोणाचे नाव आले आणि कोणाचे गळले, हे पाहिले म्हणजे बरेच काही उलगडते.

वह्यांच्या आधीचा काळ

बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. बालाघाटाच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. उत्तरेस गोदावरी आणि सिंदफणेच्या खोऱ्यातील काळी जमीन, म्हणजे गेवराई आणि माजलगावचा पट्टा. दक्षिणेस आणि पश्चिमेस आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, केज येथील डोंगरपठारावरची हलकी, उथळ जमीन. पर्जन्यछायेतल्या या पठारावर एक पाऊस चुकला की वर्ष चुकते. पुढच्या काळात ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या मुख्यतः याच डोंगरपट्ट्यातून निघाल्या, हा योगायोग नव्हे.

जुन्या गावगाड्यात 'बेकार' नावाचा वर्गच नव्हता. बलुतेदाराचे काम जन्माने ठरलेले, सालगड्याचे वर्ष पाडव्याला बांधलेले. काम नाही अशी स्थिती उद्भवे ती एकट्या माणसावर नव्हे, साऱ्या गावावर. आणि तिचे नाव बेकारी नसून 'दुष्काळ' असे. काम नाकारण्याचे स्वातंत्र्य नसलेल्या व्यवस्थेत बेकारीला जागा नसते, हे त्या व्यवस्थेचे गुणगान करणाऱ्यांनी विसरू नये. बीड गाव तेव्हा कातडी छागलींसाठी ओळखले जाई. पाणी घेऊन दूरचा प्रवास करणाऱ्या माणसाच्या खांद्यावरची ती छागल यंत्रयुगात मागे पडली आणि तिच्यावर जगणारी घरे इतर मजुरीकडे वळली.

शिक्षणाचा मार्ग अरुंद होता. संस्थानचा कारभार उर्दूतून चाले. १९१८ साली हैदराबादला स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. या पार्श्वभूमीवर अंबाजोगाईच्या, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादच्या, योगेश्वरी शाळेचे महत्त्व कळते. तेथे शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ हे मराठवाड्यात येण्यापूर्वी कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करीत होते. शाळा आणि मजूर हे दोन विषय त्या पिढीच्या मनात वेगळे नव्हते. ते वेगळे झाले पुढे, वह्या सुरू झाल्यानंतर.

पहिली वही : हजेरीपट

१९७२ चा दुष्काळ हा मराठवाड्याच्या स्मृतीतील एक सन आहे. आजही येथील म्हाताऱ्या माणसांचे वय 'बाहत्तरच्या आधीचा' किंवा 'नंतरचा' असे मोजले जाते. त्या दुष्काळात सरकारने मोठ्या प्रमाणावर कामे काढली : खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात सुमारे पन्नास लाख माणसे अशा कामांवर होती. कामावर मिळणारी सुकडी हा शब्द त्या पिढीच्या तोंडी कायमचा राहिला.

याच सुमारास विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून, तासगाव तालुक्यातील प्रयोगाच्या अनुभवावर, रोजगार हमी योजना आकाराला आली. 'मागेल त्याला काम' हे तिचे सूत्र. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते मिळाले नाही तर दररोज किमान १ रुपया बेकारी भत्ता देण्याची तरतूद त्यात होती. रुपयाची रक्कम क्षुल्लक वाटेल, पण तत्त्व क्षुल्लक नव्हते. अंगमेहनत करणाऱ्या निरक्षर माणसाला सरकारने प्रथमच 'बेकार' म्हणून मान्य केले होते, आणि त्याची बेकारी ही सरकारची जबाबदारी ठरवली होती. त्यासाठी शहरातील पगारदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. मुंबईचा कारकून बीडच्या बांधावरील मजुराची मजुरी भरतो, अशी ही व्यवस्था होती. देशाने २००५ साली ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला आणि वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली, तेव्हा त्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.

हजेरीपटाने आणखी एक गोष्ट केली. त्यावर बाईचे नाव स्वतंत्रपणे आले. अमक्याची बायको म्हणून नव्हे, मजूर म्हणून. हे आम्ही मुद्दाम नोंदवून ठेवत आहोत, कारण तिसऱ्या वहीकडे जाताना त्याची आठवण लागेल.

मग या जिल्ह्यातील माणसाने रोजगार हमी सोडून फडाची वाट का धरली? उत्तर पैशाच्या वेळेत आहे. हमीच्या कामाची मजुरी काम झाल्यावर, मोजमाप झाल्यावर आणि बहुधा उशिरा मिळते. मुकादमाची उचल कामाच्या आधी, एकरकमी मिळते. पेरणीचे कर्ज, मुलीचे लग्न, दवाखाना, मोडलेली विहीर यांपैकी कोणतीही गोष्ट आठवड्याच्या मजुरीने भागत नाही. तिला एकरकमी पैसा लागतो. ज्या भागात बँकेचे दार लहान शेतकऱ्याला बंद होते तेथे मुकादम हीच पतपेढी झाली. हमीने दिवसाचा प्रश्न सोडवू पाहिला. घरावरचा प्रश्न वर्षाचा होता.

दुसरी वही : सेवायोजन कार्यालय

देशात १९४५ पासून सेवायोजन कार्यालये सुरू झाली आणि १९५९ साली रिक्त जागा या कार्यालयांना कळवण्याची सक्ती करणारा कायदा आला. दहावी झाली की नाव नोंदवायचे, कार्ड जपायचे, मुदतीत त्याचे नूतनीकरण करायचे आणि मुलाखतीच्या पत्राची वाट पाहायची, हा दोन पिढ्यांचा अनुभव आहे. 'सुशिक्षित बेकार' हा शब्द या कार्डाबरोबरच घराघरांत पोचला. शब्दाची घडण पाहण्यासारखी आहे. 'सुशिक्षित' हे विशेषण लावल्याबरोबर बेकाराची किंमत वाढते. जणू उरलेल्यांचे बेकार असणे ही नैसर्गिक गोष्ट आहे आणि शिकलेल्याचे बेकार असणे हाच काय तो अन्याय.

अन्याय मात्र खरा होता. १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात शासकीय सेवांमध्ये वाटा देण्याचे आश्वासन होते. संविधानाच्या ३७१ व्या कलमातही मराठवाड्याचा नावानिशी उल्लेख करून तांत्रिक शिक्षणाच्या सोयी आणि राज्याच्या सेवांमध्ये पुरेशी संधी यांची तरतूद आहे. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तालुक्याच्या गावी महाविद्यालये निघाली आणि पहिल्यांदा शिकणाऱ्यांची एक पिढी बाहेर पडली. तिला नोकरी दिसेना. १९७४ साली वसमत येथे नोकरभरतीच्या प्रश्नावरून विद्यार्थ्यांचा उद्रेक झाला, गोळीबारात बळी गेले आणि पाहता पाहता मराठवाडा विकास आंदोलन उभे राहिले. बीड, अंबाजोगाई, परळी येथील महाविद्यालयांतील मुले त्यात होती. जिल्ह्याचे पुढचे राजकीय नेतृत्वही बऱ्याच अंशी त्याच काळात घडले.

त्या आंदोलनाने 'अनुशेष' हा शब्द मराठीत रुजवला. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. रेल्वेचा प्रश्न तर पिढ्यान्‌पिढ्या चालला. अहमदनगर ते परळी हा सुमारे २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला, आष्टीपर्यंत प्रवासी गाडी २३ सप्टेंबर २०२२ रोजी पोचली आणि बीड शहराला रेल्वे पाहण्यासाठी २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. मंजुरीच्या वर्षी जन्मलेले मूल रेल्वे येईपर्यंत तिशीचे झाले होते. कारखानदारी येथे का आली नाही, याचे एक उत्तर या तारखांमध्येच आहे. परळीचे औष्णिक वीज केंद्र हा जिल्ह्यातील एकमेव मोठा उद्योग. तोही २०१३ आणि २०१५ च्या टंचाईत पाण्याअभावी बंद ठेवावा लागला. जिल्ह्याच्या ठिकाणाची लोकवस्ती २०११ साली सुमारे दीड लाख होती. हे शहर कचेऱ्या, बाजार, दवाखाने आणि शिकवण्या यांवर जगते. माणसे सामावून घेणारा कारखाना त्याच्यापाशी नाही.

मग शिकलेल्यांसाठी उरल्या त्या सरकारी नोकऱ्या, आणि त्यातही मास्तरकी. १९८३ नंतर विनाअनुदानित संस्थांचे पेव फुटले. डी.एड., बी.एड. महाविद्यालये निघाली. २००० साली 'शिक्षणसेवक' हे नवे पद आले. नियमित शिक्षकाचे काम आणि ठरावीक मानधन अशी त्या पदाची रचना. पुढे पात्रता परीक्षा आल्या, भरती थंडावली आणि डी.एड. झालेल्यांची एक अख्खी पिढी वयोमर्यादेकडे सरकत राहिली. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास' या कादंबरीला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिच्यातील एकनाथ हा शिकूनही नोकरी न मिळालेला शेतकऱ्याचा मुलगा विदर्भातला. पण मराठवाड्यातील वाचकाला तो परका वाटला नाही. आज पहाटे बीडच्या कोणत्याही रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणारी मुले-मुली दिसतात. गेल्या काही वर्षांत आरक्षणाच्या प्रश्नावर या जिल्ह्यात जो असंतोष दिसला त्याची बाजू कोणतीही घेतली, तरी त्याची भाषा याच दुसऱ्या वहीची आहे : जागा किती, वाटा कोणाचा, यादीत नाव कोणाचे.

आमच्या महाविद्यालयांच्या आवारातही ही वही उघडी आहे. 'तासिका तत्त्वावर' शिकवणारे आमचे सहकारी नेट-सेट झालेले आहेत, काही पीएच.डी. आहेत. त्यांना घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात. सुट्टीचे मिळत नाहीत. सत्र संपले की त्यांचा हंगाम संपतो आणि पुढच्या सत्रात नाव राहील की नाही याची चिंता सुरू होते. त्यांना प्राध्यापक म्हणतात. त्यांची स्थिती मजुराची, तीही हंगामी. शिक्षण घेतले की माणूस फडाबाहेर पडतो, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असतो. ते सांगणाऱ्यांपैकी काही जण स्वतःच हंगामावर जगत आहेत.

तिसरी वही : मुकादमाची

१९५० साली प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्राचे चित्र पालटले. ऊस वाढला तसे तो तोडणारे हात लागले. हे हात स्थानिक नकोत, बाहेरचे हवेत, अशीच या धंद्याची रचना आहे. बाहेरून आलेला माणूस घरी परतू शकत नाही, रात्री-अपरात्री गाडी भरायला उपलब्ध असतो, आणि उचल फिटेपर्यंत काम सोडत नाही. म्हणूनच गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई, परळी या तालुक्यांत साखर कारखाने निघाल्यावरही बीडच्या टोळ्या अहमदनगर, सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकाकडे जातच राहिल्या. त्यांची संख्या काही लाखांत सांगितली जाते.

या वहीची भाषा स्वतंत्र आहे. माणूस मोजण्याचे एकक 'कोयता'. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. उचल मिळते ती कोयत्यावर, आणि वहीत नाव लागते ते नवऱ्याचे. ऊस तोडतो पुरुष आणि मोळ्या बांधून डोक्यावर वाहते बाई, तरी व्यवहाराच्या कागदावर ती अर्ध्या कोयत्याएवढीही दिसत नाही. हजेरीपटावर जिला स्वतःचे नाव मिळाले होते ती येथे एका हत्याराचा निम्मा भाग झाली. मराठीत अलंकार शिकवताना आम्ही अवयवावरून किंवा साधनावरून माणूस सूचित करण्याची उदाहरणे देतो. कोयत्याचे हे उदाहरण कोणत्याही अलंकारग्रंथात नाही, आणि ते अलंकार म्हणून घडलेलेही नाही. तो हिशेब आहे.

कामावर न गेल्यास 'खाडा' पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. मासिक पाळीच्या काळात खाडा पडू नये, दुखणे उद्‌भवू नये, म्हणून गर्भाशय काढून टाकल्याचे या भागातील महिलांनी वारंवार सांगितले आहे. २०१९ साली हा विषय विधिमंडळात आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. बेकारीच्या इतिहासात या आकड्याचे काय काम, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, गावात पाच महिने काम नसण्याची किंमत कोणीतरी कोठेतरी मोजत असते. ती कोणत्या शरीरावर मोजली गेली, हे हा आकडा सांगतो.

कायद्याच्या दृष्टीनेही ही वही अधांतरी राहिली. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी स्वतःच कारखान्याच्या वाहतूकदाराकडून उचल घेतलेली. स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ साली केलेला कायदा राज्याबाहेर जाणाऱ्यांपुरता होता. बीडहून कोल्हापूरला जाणारा माणूस त्यात बसला नाही. मिळाले ते संपातून आणि संघटनेतून. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्यासारख्या नेत्यांनी हा प्रश्न राजकारणाच्या मध्यभागी आणला, तोडणीच्या दराचे करार होऊ लागले. जानेवारी २०२४ मधील करारात दरात ३४ टक्के वाढ झाली. ऊसतोड कामगारांसाठी कल्याणकारी महामंडळही झाले. या सर्वांचे मोल आहेच. परंतु दरवाढ हा फडावरचा प्रश्न सोडवते, गावातला नव्हे. आणि आता तोडणीची यंत्रे अनुदानावर येत आहेत. यंत्राला उचल लागत नाही आणि त्याचा खाडाही पडत नाही. ज्या दिवशी मुकादमाची वही बंद होईल त्या दिवशी आजवर झाकलेली बेकारी एकदम उघडी पडेल, आणि तिच्यासाठी आपल्याकडे शब्दही तयार नसेल.

चौथी वही : जनगणना

सर्वांत मोठी आणि सर्वांत तटस्थ मानली जाणारी वही म्हणजे जनगणना. २०११ साली बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ नोंदली गेली. ही गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली आणि तिचा संदर्भदिन १ मार्च होता. फेब्रुवारी हा साखर हंगामाचा ऐन महिना. त्या वीस दिवसांत जो घरी फिरकलाच नाही त्याची नोंद त्याच्या गावी होत नाही, जेथे असेल तेथे व्हावी असा नियम आहे. म्हणजे बीडचा ऊसतोड मजूर हा गणनेच्या वेळी कोल्हापुरातील एखाद्या थळातील कोपीत होता. मोजला गेला असेल तर तेथे, उसाच्या पाचटाच्या छपराखाली. २००१ सालीही हाच काळ होता, आणि २०२७ च्या जनगणनेसाठीही १ मार्च हाच संदर्भदिन ठरवण्यात आला. देशाच्या दृष्टीने ही सोयीची तारीख असेल. बीडच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत गैरसोयीची तारीख हीच.

बेकारी मोजण्याच्या व्याख्यांचेही असेच आहे. एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७० सालीच बजावले होते की, भारतातील ग्रामीण जीवन पाहता बेकारीचा एकच एक आकडा काढणे योग्य नाही. घरच्या शेतीवर राबणारे, हंगामी काम करणारे आणि पूर्ण रिकामे यांना एका तराजूत तोलता येत नाही. त्यानंतरच्या राष्ट्रीय नमुना पाहण्यांत नेहमीची स्थिती, आठवड्याची स्थिती आणि दिवसाची स्थिती असे वेगवेगळे मापदंड आले. आठवड्यात एक तास जरी काम केले असले तरी आठवड्याच्या मापाने माणूस बेकार ठरत नाही. या मापाने डोंगरपट्ट्यात बेकार सापडणार कोठून? शेळ्या राखणे, बांधावरचे गवत आणणे, कोणाच्या तरी शेतात अर्धा दिवस खुरपणे, एवढे तर प्रत्येक जण करतोच.

यातून एक विपरीत चित्र तयार होते. गरीब प्रदेशात बेकारीचा दर कमी दिसतो आणि शिकलेल्यांत तो जास्त दिसतो. कारण उघड आहे. बेकार राहायलाही ऐपत लागते. घरात दोन वेळचे जेवण असेल तर मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करीत बसू शकतो आणि पाहणी करणाऱ्याला 'काम शोधतो आहे' असे सांगू शकतो. ज्याच्या घरात ते नाही तो मिळेल ते काम पत्करतो आणि आकडेवारीत रोजगारप्राप्त ठरतो.

चार वह्या, एक घर

आजवर आपण या चार वह्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्या. हजेरीपट तहसीलमध्ये, नोंदणी सेवायोजन कार्यालयात, उचलीची वही मुकादमाच्या पिशवीत आणि जनगणना दिल्लीत. म्हणून उपायही वेगवेगळे निघाले : एकीला बांध-बंधारे, दुसरीला भरती आणि आरक्षण, तिसरीला दरवाढ, चौथीला नुसता अहवाल. पण ज्या घरातून ही नावे आली ते घर बऱ्याचदा एकच असते. आईचे नाव उन्हाळ्यात हजेरीपटावर, बापाचे मुकादमाकडे, मोठ्या मुलाचे सेवायोजनात आणि धाकट्यांचे हंगामी वसतिगृहात. मुलाच्या परीक्षेचे शुल्क बापाच्या उचलीतून गेलेले असते. मुलाला नोकरी लागली नाही तर पुढच्या दसऱ्याला नवा कोयता तयार होतो, आणि त्यासाठी त्याचे लग्न लवकर उरकले जाते, कारण एकट्याचा कोयता अर्धा. सुशिक्षित बेकारी आणि ऊसतोड हे येथे दोन प्रश्न नाहीत. एकाच घरातील दोन ऋतू आहेत.

टाळेबंदीने हे एकदा दाखवून दिले होते. मार्च २०२० मध्ये सर्व बंद झाले तेव्हा हजारो ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या आवारात अडकली. त्यांच्या परतण्याची परवानगी, याद्या, तपासण्या आणि वाहने यांवर एप्रिलमध्ये राज्याचे प्रशासन काम करीत होते. एरवी पट्टा पडला की टायरगाड्या आणि ट्रक रात्रीतून गावी येत आणि कोणाला पत्ताही लागत नसे. त्या वर्षी प्रथमच परतणाऱ्या माणसांची गावनिहाय यादी करावी लागली. म्हणजे यादी करता येते. आजाराच्या भीतीने जी करता आली ती बेकारीच्या विचारासाठीही करता येईल. दसऱ्यापूर्वी, माणसे गाव सोडण्याआधी, ग्रामपंचायतीत नोंद व्हावी. ती कोयत्याची नव्हे तर माणसांची असावी, नवरा आणि बायको यांची दोन स्वतंत्र नावे तिच्यात असावीत, आणि गावात किती दिवस काम मिळाले असते तर हा माणूस गेला नसता हा प्रश्न तिच्यात विचारलेला असावा. या एका प्रश्नाच्या उत्तरातून बीड जिल्ह्याच्या बेकारीचा खरा आकडा हाती लागू शकेल.

साहित्याच्या शिक्षकाला यात काय करता येईल, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात आला असेल. आपल्याकडेही एक वही असते. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग भरतो तेव्हा तिच्यातील काही नावांपुढे सलग 'गै' पडत जाते, आणि परीक्षेच्या सुमारास ती मुले पुन्हा दिसू लागतात. उपस्थितीच्या टक्केवारीत बसत नाहीत म्हणून त्यांच्यावर कारवाई करण्याचा अधिकार आपल्याला आहे. ती कोठे गेली होती हे नोंदवण्याचा रकाना त्या वहीत नाही. तो आपण हाताने आखू शकतो. बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांनी एक वर्ष एवढे केले, तरी पाचवी वही तयार होईल. आणि ती लिहायला कोणत्याही समितीची वाट पाहावी लागणार नाही.